डाबचं हिम पांढरं टिपायचं तर: सातपुड्यातली जानेवारीतली भटकंती

खान्देशात बर्फ पडत नाही. पण थंडीची लाट आली की नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या डाब-वालंबा भागात रातोरात दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, मोबाइलवर फोटो झळकतात. बहुतेक फोटोंत ते हिम निळं नाहीतर मळकट राखाडी दिसतं. ते डोळ्यांना दिसतं तसं टिपायचंच, या हट्टापायी जानेवारीत आम्ही दोघं मित्र धुळ्याहून निघालो.

दोंडाईचा, नंदुरबार, हातोडा पुलावरून तापी ओलांडून तळोदा, मग अक्कलकुवा. पेट्रोल इथेच भरून घ्या. पुढचा देवगोई घाट उजेड असतानाच चढा. मुक्काम आधी ठरवून जा, ऐनवेळी हॉटेल सापडेल या भरवशावर राहू नका.

आमचा बेत टेकडीवर जायचा होता. ज्यांच्याकडे उतरलो ते दादा हसले. "वर काय जाता? नाल्याकडच्या शेतात जा, तिथं जास्त पडतं." बरोबरच होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीतली उष्णता वर निघून जाते आणि गार, जड हवा सखल भागात साचते. हवेचं तापमान चार अंश असलं तरी गवताचं पातं शून्याखाली जाऊ शकतं. आभाळ असेल किंवा वारा सुटला असेल, तर खुशाल झोपा.

सूर्य सव्वासातच्या सुमारास येतो, पण पाऊण तास आधी शेतात हजर राहा. पेंढ्याच्या गंजीवर, मोटारसायकलच्या सीटवर हिम होतंच; खरी गंमत मात्र गवतात. पात्याच्या कडेवर साखरेच्या दाण्यांसारखे बारीक काटे उभे, मधली शीर तेवढी हिरवी. शेजारच्याच पात्यावर आधी पडलेलं दव गोठून काचेसारखे मणी झालेले. मणी पारदर्शकच दिसायला हवेत, त्यांना ओढूनताणून पांढरं करू नका. काट्यांचा पांढरेपणा असंख्य कडांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा असतो.

आता कॅमेरा. हिमालयातल्या बर्फासाठी सगळे सांगतात, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो आणि पांढऱ्याला काळवंडतो. डाबला हा नियम डोळे झाकून लावला तर घात होतो. फ्रेमभर हिम असेल तर वाढवा. पण काळ्या मातीवर चारच पांढरी पाती असतील, तर मीटर मातीकडे बघून आधीच जास्त उजेड घेतो. तिथे उलट अर्धा-एक स्टॉप कमी करावा लागतो. हिस्टोग्राम (फोटोतला काळोख-उजेड डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) उजव्या कडेजवळ यावा, पण तिला आपटू नये. पांढऱ्यातले काटे जादा उजेडात एकदा उडाले की परत येत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. सूर्य येण्याआधी आणि नंतर सावलीत, हिमावर निळ्या आभाळाचा प्रकाश असतो, म्हणून निळसर झाक येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, 'शेड'वर (सावलीवर) नेला की ती उतरते. माझं मत विचाराल तर सगळी उतरवू नका. थोडी निळाई राहिली तरच थंडी वाटते, नाहीतर खडूची पूड सांडल्यासारखं दिसतं. पहिलं ऊन आलं की उन्हातलं हिम सोनेरी आणि सावलीतलं निळं, दोन्ही एकाच फ्रेममध्ये मिळतात. तेव्हा 'डेलाइट'वर ठेवून गप्प बसा. ऑटो प्रत्येक फोटोत रंग बदलतो. मोबाइलवाल्यांनी हिमावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करावं आणि उजेड हातानं कमीजास्त करावा.

ऊन अंगावर आलं की अर्ध्या तासात सगळं पाणी. म्हणून आधी जवळचे, सावलीतले फोटो उरका, मग उन्हाकडे वळा.

इथे स्ट्रॉबेरीची शेतीही आहे. आपल्याला जे देखणं दिसतं त्यानं शेतकऱ्याचं पीक करपतं, तेव्हा विचारल्याशिवाय वाफ्यात पाय टाकू नका आणि त्याच्यासमोर "काय मस्त पडलंय!" म्हणू नका.

जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. परत घरात शिरताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या. चुलीजवळ लगेच बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, म्हणजे चहा पिता पिता फोटो बघता येतात.