प्ले यार्ड उघडताना तो ‘टक्’ आवाज ऐकू आलाच पाहिजे

धाकटा साडेसात महिन्यांचा झाला आणि पोटावर सरकायला लागला. तोपर्यंत मला वाटायचं की आपलं हे दुसरं बाळ आहे, आता नवीन काय असणार. पण मोठीच्या वेळी मी फक्त तिच्याच मागे असायचे, आणि आता मोठी चार वर्षांची आहे, तिला बाथरूममध्ये मी लागते, ती पडते, रडते, तिचं काहीतरी अडकतं, आणि तेवढ्या वेळात धाकट्याला ठेवायचं कुठे? पलंगावर ठेवलं तर पडणार, सोफ्यावर तर नाहीच नाही, आणि खाली चटईवर ठेवलं तर तो चटईवर थांबणार आहे थोडाच. एकदा बेल वाजली, मी दाराशी गेले, पार्सल घेतलं, सही केली, मिनिटभर सुद्धा लागला नसेल, परत येऊन बघते तर हा टीव्हीच्या मागे आणि चार्जरची वायर तोंडात. बटण बंद होतं. बंद होतं म्हणून आज मी हे लिहितेय, त्या दुपारी मात्र त्याला घट्ट धरून बराच वेळ नुसती बसून होते.

त्याच आठवड्यात ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, त्यांच्या मुलीचं प्ले यार्ड, म्हणजे बाळाला थोडा वेळ सुरक्षित ठेवायची कुंपणासारखी जागा, पाठवलं. घडी होणारं, चार बाजूंना जाळी, खाली पातळ गादी, दोन पायांना चाकं आणि सगळं एका लांब पिशवीत मावणारं. सासूबाईंना ते बघूनच कसंतरी झालं. “अगं, लेकराला पिंजऱ्यात काय ठेवतेस?” मला त्यांचा राग नाही आला, कारण माझ्याही मनात तेच होतं. पण मी म्हटलं, आई, मी त्याला दिवसभर त्यात नाही ठेवणार, ज्या पाच-दहा मिनिटांत माझे दोन्ही हात दुसरीकडे अडकलेले असतात त्या वेळेपुरतीच ही जागा आहे. हे म्हणताना मी त्यांच्याइतकंच स्वतःलाही समजावत होते. पण पुढे वर्षभर मी तेच पाळलं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी मी ते उघडलं, चारही बाजू ओढून ताठ केल्या, गादी टाकली, बाळाला ठेवणार एवढ्यात सहज एका कठड्यावर हात टेकवला आणि तो कठडा मधोमध खाली गेला. म्हणजे दिसायला पूर्ण उघडलेलं होतं, पण एका बाजूचं लॉक लागलंच नव्हतं. तो त्याला धरून उभा राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार आला आणि मी सगळं परत घडी करून ठेवलं, आणि रात्री मुलं झोपल्यावर वाचायला बसले.

वाचताना एक गोष्ट कळली ती मी विसरू शकत नाही. १९९८ साली शिकागोमध्ये एक लहानगं बाळ, अजून दीड वर्षाचंही नव्हतं, सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी अशाच एका घडीच्या पाळण्यात झोपलं होतं. कठडा आतल्या बाजूला कोसळला, दोन बाजूंमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार झाली आणि बाळाची मान त्यात अडकली. ते बाळ गेलं. आणि तो पाळणा १९९३ मध्येच धोकादायक म्हणून बाजारातून परत मागवलेला होता! पाच वर्षं आधी! पण ज्यांच्या घरात तो वापरात होता त्यांच्यापर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी मग मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी संस्था काढली, आणि अमेरिकेत २००८ साली जो कायदा झाला त्यातला एक भाग त्या बाळाच्याच नावाने ओळखला जातो. त्या कायद्यामुळे बाळांच्या अशा वस्तूंसोबत नोंदणीचं कार्ड देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, म्हणजे पुढे काही दोष सापडला तर घेणाऱ्याला थेट कळवता येतं. २०१३ पासून तिथे प्ले यार्डसाठी वेगळे सक्तीचे नियम पण आहेत, कठड्याचं लॉक टिकतं का, घडी होताना तशी व्हीची खाच तयार होते का, तळ मजबूत आहे का, उलटतं का, हे सगळं तपासावं लागतं.

हे वाचल्यावर मी आपलं यार्ड उलटं करून तळाचं लेबल शोधलं, त्यावर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख असते. मॉडेलचं नाव टाकून रिकॉल झालंय का, म्हणजे दोष सापडल्याने ते परत मागवलंय का, ते शोधलं, वेगवेगळ्या देशांतले रिकॉल एकाच जागी बघता येतील असं ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचं एक पोर्टल पण आहे. कुणाचंही वापरलेलं यार्ड घरी येणार असेल, मग ते कितीही जवळच्या माणसाकडून येऊ दे, हे दोन मिनिटांचं काम आधी करा, प्लीज. ताईंनी प्रेमाने दिलं होतं, पण त्यांना तरी काय माहीत असणार.

मग कळलं की माझं चुकत होतं ते क्रमात. या घडीच्या यार्डांमध्ये बहुतेकदा तळाचा मधला भाग आधी वरच ठेवायचा असतो. तो वर असतानाच चारही कठडे मधोमध धरून वर खेचायचे, प्रत्येकाचा ‘टक्’ आवाज ऐकायचा, आणि चारही लागल्यावरच मधला भाग खाली दाबायचा. मी घाईत आधी तळ दाबला होता, तसं केलं की कठडे ताणले जातात आणि लॉक लागत नाही, किंवा लागल्यासारखं दिसतं आणि लागलेलं नसतं, जे जास्त वाईट. बंद करताना बरोबर उलटं, आधी मधला पट्टा ओढून तळ वर घ्यायचा आणि मगच कठड्यांची बटणं दाबायची. तुमच्या मॉडेलचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर तेच ऐका. पण आवाज ऐकल्यावर सुद्धा चारही कठड्यांच्या मध्यावर तळहाताने जोरात दाबून बघायचं, हे मी शेवटपर्यंत रोज केलं. नवऱ्याला पण करायला लावलं. तो म्हणायचा अगं काल लावलेलंच आहे की, पण काल मोठीने त्यावर लोंबकळून घेतलेलं असतं, तिला कुठे माहितीये!

मोठीचा विषय निघालाच आहे तर, घरात दोन मुलं असली की यार्डच्या आत काय आहे हे बाहेरच्या मुलावर अवलंबून असतं. ती फार प्रेमाने त्याला खेळणी द्यायची. मण्यांची माळ, बाहुलीचे बूट, ब्लॉक्सचे बारके तुकडे, एकदा तर तिची उशी, कारण “बाळाला टोचत होतं.” तिला रागावून उपयोग नव्हता, तिचा हेतू चांगलाच होता. मग आम्ही एक टोपली केली, बाळाची टोपली, आणि तिला सांगितलं की यातलंच काहीही तू त्याला देऊ शकतेस आणि देणारी तूच. त्यात कापडी पुस्तक, मोठी रिंग, खुळखुळा असं, जे तोंडात पूर्ण जाणार नाही आणि ज्यावर चढून उभं राहता येणार नाही. मोठे सॉफ्ट टॉय आणि खोके नको, त्याची पायरी होते. दोरीवाली खेळणी आडवी बांधायची नाहीत, गळ्यात काही नाही, टोपीच्या नाड्या नाहीत.

दोरीवरून आठवलं, जागा. पहिल्यांदा मी ते खिडकीजवळ लावलं होतं, उजेड छान येतो म्हणून. पण पडद्याची, ब्लाइंडची दोरी हाताला येणं म्हणजे गळ्याला फास. भिंतीतले प्लग, लोंबणाऱ्या वायरी, हीटर, टेबलक्लॉथचं टोक, गरम कप, हे सगळं जाळीवरून हात बाहेर काढला तरी लागणार नाही एवढं लांब पाहिजे. मी स्वतः त्याच्या उंचीला खाली बसून चारही बाजूंना हात लांब करून बघितलं, मगच जागा ठरली.

झोप. यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण इथे चांगल्या मनाने चूक होते. यार्डची गादी पातळ असते, कडक असते, हाताला लागते, आणि प्रत्येक पाहुण्याला वाटतं की अरेरे, बाळाला टोचत असेल, अजून एक मऊ गादी घाला. नाही घालायची. त्या यार्डसोबत आलेली गादी सोडून दुसरी कुठलीच नाही. वरची गादी जाळीला चिकटून बसत नाही, कडेला फट राहते, जाळी बाहेर ताणली जाते आणि बाळ त्या फटीत तोंड खाली करून अडकू शकतं, आणि एवढ्याशा बाळाला मान वळवून श्वास मोकळा करता येत नाही. उशी, रजई, कडेचे मऊ तक्के, यातलं काहीच नको. बाळ पाठीवर, अंगावर ऋतूप्रमाणे कपडे, बस्स. वरून चादर टाकून अंधार करायची पण कल्पना मला आवडायची नाही, आत हवा कोंडते आणि बाळ चादर ओढून आत घेऊ शकतं. काही जुन्या प्रकारांत जाळीची एक बाजू खाली करता येते, ती बाळ आत असताना कधीही खाली ठेवू नका, सैल जाळीचा खिसा होतो आणि बाळ लोळत त्यात जातं.

आमच्या यार्डला वर लावायचा छोटा पाळणा आणि कपडे बदलायचं टेबल पण होतं. पाळणा ज्या दिवशी बाळ हातांवर जोर देऊन उठायला बघेल त्या दिवसापासून बंद, वजनाची मर्यादा लेबलवर लिहिलेली असते, ती पण बघा. आणि टेबल वर असताना बाळाला खाली यार्डमध्ये ठेवायचं नाही, टेबल आणि कठड्याच्या मध्ये मान अडकू शकते. मी ते टेबल वापरलंच नाही. उचला, लावा, काढा, दमलेल्या बाईकडून एक दिवस ते काढायचं राहणारच.

जाळी दर आठवड्याला बोट फिरवून बघायचे. भोकं बारीक पाहिजेत, साधारण ६ मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे बोट किंवा कपड्याचं बटण अडकणार नाही. दात आल्यावर धाकट्याने कठड्याचं प्लास्टिक कव्हर चावायला घेतलं होतं, एक कोपरा फाटला आणि तुकडा सुटायला आला, तेव्हा नवीन कव्हर मिळेपर्यंत यार्ड बंद ठेवलं. चिकटपट्टी लावून भागवायचा मोह झाला होता, पण तीही तो चावून काढणार.

आणि किती वेळ? मला विचाराल तर तो खुश असेल तोपर्यंत, आणि मी आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर, मध्येमध्ये डोकावत. रडायला लागला की पाच मिनिटं संपली असं समजायचं. बाकी दिवस तो जमिनीवरच होता, रांगत, आपटत, सगळीकडे. रांगायला शिकायचं तर जमीनच लागते.

पुस्तकात लिहिलं होतं की उंची ३५ इंच झाली किंवा चढून बाहेर यायला लागलं की वापर थांबवा. आमच्याकडे उंची आधी नाही भरली. एक वर्ष आठ महिन्यांचा असताना एका सकाळी मी बघितलं की त्याने एक पाय वर टाकलाय आणि टाच कठड्यावर अडकवलीये, बाहेर नाही आला, पण चेहरा असा की उद्या येणार. उद्याची वाट बघितली नाही. त्याच दुपारी घडी केली.

मागच्या महिन्यात ताईंच्या ओळखीतल्या एका मुलीने ते मागितलं, तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे. मी पिशवीत पुस्तक घातलं, मॉडेल नंबर आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहिली, रिकॉल परत एकदा तपासलं. आणि ती न्यायला आली तेव्हा तिला तीनदा उघडायला लावलं, माझ्यासमोर, तिच्या हाताने. तिसऱ्यांदा चारही टक् आले, तिने न सांगता चारही कठडे दाबून बघितले, आणि मग मी तिला पिशवी उचलायला मदत केली.