तुम्ही विचारलंत म्हणून: शेकापला मान मिळाला, मतं का नाही मिळाली?

राज्यशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारला, त्यांच्या पालकांनी विचारला आणि आता ओळखीपाळखीची तरुण मंडळीही विचारतात. शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची, माणसं साधी होती, अभ्यासू होती, विधानसभेत सरकारला घाम फोडायची. मग त्यांच्या हाती महाराष्ट्र कधीच का आला नाही? विचारणारा बहुतेक वेळा पुढे स्वतःच उत्तर देतो की, लोकांना चांगली माणसं नकोच असतात. हे उत्तर मला मान्य नाही. त्यात लोकांवर अन्याय आहे आणि पक्षाचं पुरेसं परीक्षणही नाही.

आधी आकडे बघा. 1962 च्या विधानसभेत 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या आणि 15 शेकापच्या. तरीही विरोधकांत तोच मोठा, म्हणून कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि दहा वर्षं राहिले. 1967 ला 19 जागा, 1972 ला 7. 2019 आणि 2024 ला एकेक.

यातलं 1962 साल मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्याच्या पाचच वर्षं आधी, मराठी माणसाच्या वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली होती आणि त्या समितीत गावोगावची फळी शेकापची होती. लोक तुरुंगात गेले, गोळ्या खाल्ल्या. राज्य झालं 1 मे 1960 ला. मंगल कलश आणला यशवंतराव चव्हाणांनी. मागणी पूर्ण झाली तसं समितीला एकत्र बांधून ठेवणारं काही उरलं नाही, आणि मतदाराने पुढच्या निवडणुकीत राज्य ज्याच्या हातून मिळालं त्यालाच ते चालवायला दिलं. यात कृतघ्नपणा नव्हता. लढणारा आणि देणारा वेगळे असले की देणारा समोर दिसतो, एवढंच.

हे पुढे वारंवार झालं. शेकाप शेतमालाच्या भावासाठी लढत आला, आणि कापसाची एकाधिकार खरेदी 1972 मध्ये सुरू झाली काँग्रेसच्या राजवटीत. ती योजना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते यशवंतराव मोहिते मूळचे शेकापचेच. 1960 मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. त्यांच्याही आधी पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परत गेले होते. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाचं, म्हणजे विरोधकांना आपल्यात सामावून घेण्याचं, कौतुक आपण खूप करतो. पण त्या बेरजेत दुसऱ्या बाजूची वजाबाकी किती झाली, ते फारसं कुणी मांडत नाही. विचार आणि माणसं दोन्ही उचलली गेली, मागे लाल बावटा राहिला.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण खरं उत्तर मला तिथे मिळालं. कृष्णाकाठचं उसाचं गाव. लहानपणी शेकापची सभा चावडीपुढे व्हायची, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. सतरंजीवर बसलेली माणसं थोडी. पण उजेडाच्या पलीकडे, अंधारात, भिंतीला टेकून निम्मं गाव उभं असायचं. शब्द न् शब्द ऐकायचं. शेजारचे तात्या त्यांतलेच. मोठा झाल्यावर मी त्यांना विचारलं, इतकं पटतं तर मत का देत नाही? म्हणाले, "आरं पोरा, भाषान खरंच हाय त्यांचं. पण ऊस माझा फडात उभा हाय न्हवं?"

ज्यांनी ऊस केला नाही त्यांना हे सांगावं लागेल. लागण केली की कारखान्याच्या गट ऑफिसात नोंद होते आणि त्या तारखेप्रमाणे तोड यायला हवी. ऊसतोड मजुरांची टोळी कुणाच्या फडात आधी घालायची, हे चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) आणि कारखान्याच्या शेती विभागाच्या हातात, आणि कारखाना काँग्रेसवाल्यांच्या हातात. तोड महिना-दीड महिना लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, रान मोकळं होत नाही आणि पुढचं पीक हुकतं. कुणी धमकी देत नाही. "टोळ्या कमी आहेत," एवढंच सांगतात. सोसायटीचं पीककर्ज, जिल्हा बँक, 1962 मध्ये सुरू झालेली जिल्हा परिषद, तिच्यातली शाळामास्तरांची बदली, सगळीकडे हाच हिशेब. तात्या भित्रे नव्हते. वर्षाचं पीक पणाला लावून मत द्या, असं त्यांना कुणी कुठल्या तोंडाने सांगावं?

अपवाद सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी सगळे सांगतात, त्या खऱ्याही आहेत. पण 1972 आणि 1995 ला तेच गणपतराव हरलेही होते, तेव्हा नुसत्या साधेपणावर हे झालं नाही. त्यांनी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली आणि दुष्काळी रानाला पाणी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सांगोल्यातल्या माणसाला शेकापला मत देऊनही पोट चालवता येत होतं. हे पक्षाला इतर तालुक्यांत का उभं करता आलं नाही, याचा जाब मी पक्षालाच विचारतो. जिल्ह्या-जिल्ह्यात मोठी माणसं होती, त्यांच्यामागे संस्था नव्हत्या. शिवाय 1978 ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीबरोबर आणि 1999 ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकारात गेल्यावर, आपण विरोधक नक्की कुणाचे, हे कार्यकर्त्यालाही सांगता येईना. जागावाटपात मोठ्या पक्षाने सोडलेलं घ्यायचं आणि ते सोडतील तेवढंच लढायचं. अशाने नवा मुलगा पक्षात येत नाही.

रायगडात हे सगळं एकत्र दिसतं. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या लढ्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात गोळीबार झाले, पाच शेतकरी गेले. शेकापच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. भूखंड मिळाले तशी घरं बदलली, धंदे बदलले, आणि भातशेतीवर बांधलेला पक्ष नव्या पिढीच्या रोजच्या व्यवहारात कुठे बसेना. दि. बा. स्वतः पुढे शिवसेनेत गेले.

तरीही 2024 ला त्याच उरणमध्ये शेकापचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता, थोडक्यात पडला. तिसरा होता उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा, म्हणजे मित्रपक्षाचाच. दोघांची मतं मिळून विजयी भाजप उमेदवारापेक्षा कितीतरी जास्त भरतात. ती मतं देणारी माणसं तिथेच आहेत, आणि त्यांना यापुढेही एकमेकांविरुद्धच मत द्यायला लावायचं का, हे अलिबाग आणि मुंबईत बसलेल्या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी ठरवायचं आहे.