कॅलिपर हलकं हवं, पण नेमकं कुठे?

लहानपणी पोलिओमुळे डावा पाय गेला, तेव्हापासून मांडीपासून तळपायापर्यंतचं लांब कॅलिपर वापरतेय. सुरुवातीची सगळी स्टील आणि चामड्याची होती, मग एक पूर्ण कार्बन फायबरचं झालं, आणि आता ८ महिने झाले मिश्र मटेरियलचं वापरतेय. हे बनवताना जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर पायाचे बरेच हाल वाचले असते, म्हणून लिहितेय.

कार्बनच्या वेळी माझी एकच मागणी होती, हलकं पाहिजे. इतकी वर्षं स्टील ओढल्यावर दुसरं काही सुचतच नाही हो. आणि हलकं झालंही, पहिल्या दिवशी घालून चालले तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. पण माझा पाय संध्याकाळी सुजतो. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो बघा, तिथून एक नस अगदी कातडीखालून जाते, आणि सुजलेल्या पायावर कार्बनची कड नेमकी तिथेच दाबायला लागली. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायच्या. ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे कॅलिपर बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले तर कळलं की कार्बनमधलं रेझिन, म्हणजे धागे एकत्र धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, एकदा घट्ट झालं की परत गरम करून वाकवता येत नाही, थोडं घासता येतं, बाकी नवीनच करावं लागतं. पोलिओत स्नायू जातात पण संवेदना शाबूत राहते म्हणून मला निदान कळलं तरी. मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या इजेमुळे ज्यांच्या पायाला काही कळत नाही त्यांनी कॅलिपर काढल्यावर रोज कातडी बघायलाच हवी, आणि २०-३० मिनिटांत लाली गेली नाही तर सरळ दाखवायला जायचं, थांबायचं नाही.

या वेळच्या ऑर्थोटिस्ट मॅडमनी मटेरियलचा विषय काढलाच नाही आधी. दिवसातून किती वेळा उठबस होते, जिने किती, उतार लागतो का, पाय सकाळी आणि संध्याकाळी सारखाच असतो का, हेच विचारत राहिल्या. आणि माप घ्यायला मुद्दाम दुपारनंतर बोलावलं, पाय जरा सुजलेला असताना.

मग ठरलं असं की पोटरी आणि मांडीचं कवच पॉलिप्रॉपिलिनचं. हे प्लास्टिक इतकं हलकं आहे की पाण्यावर तरंगतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हीट गननं तेवढाच भाग मऊ करून बाहेर फुगवता येतो. माझं आत्तापर्यंत दोनदा केलंय, त्याच उंचवट्यापाशी, दोन्ही वेळा काम १० मिनिटांत झालं. पण घोट्याशी नुसतं प्लास्टिक पुरत नाही, तिथे प्रत्येक पावलाला ते वाकायला बघतं आणि हळूहळू पांढरी रेघ दिसायला लागते, ती रेघ म्हणजे तडा जायची सुरुवात. म्हणून घोट्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकमध्ये कार्बनच्या पट्ट्या घातल्यात. कडकपणा तिथे लागतो, आणि वजनही खालीच सगळ्यात जास्त जाणवतं, कारण पाय खुब्यातून झुलतो आणि बुटापाशी वाढलेलं थोडंसं वजन मांडीवरच्या बऱ्याच वजनापेक्षा जास्त दमवतं. हे मला आधी माहीतच नव्हतं, मी आपली एकूण वजन किती तेच विचारत होते.

बाजूच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या. स्टील जवळजवळ तिप्पट जड असतं. पण ॲल्युमिनियमची खोड अशी की ते थकतं, म्हणजे भार थोडाच असला तरी लाखो पावलांनंतर तडा जाऊ शकतो, आणि वाकवताना हत्यारानं ओरखडा पडला असेल तर तिथूनच सुरुवात होते. मी महिन्यातून एकदा दांडीच्या वळणांवरून नख फिरवते, अडकलं तर दाखवायचं. वजन जास्त असेल किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर स्टीलच बरं, त्यात कमीपणा काही नाही. आणि गुडघ्याचा सांधा मात्र माझाही स्टीलचाच आहे, तिथे धातूवर धातू घासतो.

आता गुडघा, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. साधा ड्रॉप लॉक म्हणजे पाय सरळ केला की रिंग खाली पडते आणि गुडघा बंद, बसताना हातानं वर ओढायची. भक्कम, पण चालताना पाय काठीसारखा राहतो, खुबा उचलून टाकावा लागतो आणि कंबर दुखते. बेल लॉकला मागे एक कडी असते, खुर्चीच्या कडेला टेकली की सुटते, हात मोकळे राहतात, पण गर्दीत मागून कुणाचा धक्का लागला तर तीच कडी उघडू शकते म्हणून मी नको म्हटलं. पाय टेकला की बंद आणि उचलला की मोकळा असा स्टान्स कंट्रोलचा सांधाही असतो, त्याला गुडघा पूर्ण सरळ व्हावा लागतो आणि खुब्यात पाय पुढे टाकण्याइतकी ताकद लागते, माझी ताकद तपासणीत कमी पडली. वाईट वाटलं, पण तपासून कळलं ते बरं झालं.

शेवटी ऑफसेट सांधा घेतला, वर ड्रॉप लॉकसकट. ऑफसेटमध्ये बिजागरी थोडी मागे असते, त्यामुळे उभं राहिल्यावर शरीराचा भार तिच्या पुढून जातो आणि गुडघा आपोआप सरळ राहतो. घरात रिंग वर ठेवून चालते, बाहेर आणि उतारावर खाली. यात एक गोष्ट मी हट्टानं सांगितली. माझा गुडघा थोडा मागे जातो आणि त्याच्याच आधारावर मी इतकी वर्षं उभी राहिलेय. कार्बनच्या वेळी तो एकदम सरळ केला होता, दिसायला छान, पण विश्वास गेला, गुडघा कधीही दुमडेल असं वाटायचं. या वेळी मॅडमनी थोडासा मागचा कोन ठेवला. ज्यांचा गुडघा असा मागे जातो त्यांनी साच्याच्या वेळीच बोला, नंतर दुरुस्त करणं अवघड असतं.

बाकी लहानसहान. वेल्क्रोत धागे अडकून पकड जाते, जुन्या टूथब्रशनं साफ करा. स्क्रू दर आठवड्याला हातानं तपासा. पॅड धुवून पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका.

आणि बूट. कॅलिपरचा सगळा कोन बुटाच्या टाचेवर बसवलेला असतो. टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते, भार बिजागरीच्या मागे जातो आणि ऑफसेट सांधा दुमडतो. माझं एकदा पाहुण्यांकडे दुसरे बूट घालून असंच झालं, भिंतीला धरलं म्हणून पडले नाही. आता जुने बूट झिजलेत, पुढच्या महिन्यात नवे घ्यायचेत, टाच आणि चवड्याच्या जाडीतला फरक मोजून कागदावर लिहिलाय, १२ मिलिमीटर, आणि तो कागद पर्समध्ये ठेवलाय.