हळदीकुंकवावर २० मिनिटं, इंदूरमधला माझा अनुभव

माझा स्टँडअप कॉमेडीचा सेट विधवांना हळदीकुंकवाला का बोलवत नाहीत यावर आहे, म्हणजे खरं तर आईवर आहे. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते, त्यानंतरच्या संक्रांतीला वाणाचे स्टीलचे डबे आईनंच आणले, तिनंच एकेक पुसून ताटात रचले, आणि बायका यायला लागल्या तशी काकू हळूच म्हणाली, ताई तुम्ही आता आत बसा. आई बसली. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते मला, ते अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन करावं अशा खुल्या मंचावर, ५ मिनिटं केलं होतं, लोक हसले, मग मित्र म्हणाला २० मिनिटांचा स्पॉट घे, मराठीतच कर. पण जागा मिळेना! विषय सांगितला की कॅफेवाले म्हणायचे धर्माचं नको. त्यांचं चूक नाही हो, २०२१ च्या १ जानेवारीला इथेच छप्पन दुकानाजवळच्या कॅफेतून स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, हायकोर्टानं जामीन नाकारला, शेवटी ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन दिला, महिनाभर आत होता तो. ज्याचं हॉटेल आहे त्याला हे आठवणारच. तिघांनी नाही म्हटलं, चौथा म्हणाला पूर्ण स्क्रिप्ट लिहून दाखवा, आणि त्याला मराठी येत नाही म्हणून हिंदीत!

जोक हिंदीत सांगायचा म्हणजे आधी वाण काय, ओटी काय, हे सगळं समजवायचं, त्यात हसू कुठून येणार. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "हमारे यहाँ भी बुआ को शादी में पीछे खड़ा करते हैं," आणि तारीख दिली. अट एकच, पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पावती आणायची. तिथे दोन चकरा झाल्या, तिसऱ्यांदा शिक्का मिळाला.

सगळ्यात अवघड होतं आईला वाचून दाखवणं. मला वाटलं ती नको म्हणेल आणि ती नको म्हणाली असती तर मी केलं नसतं, एवढं ठरलेलं होतं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "माझं सांग खुशाल, पण काकूचं नाव घेऊ नकोस, तिलाही तिच्या सासूनंच शिकवलं." मी नाव काढलं.

शोला चाळीसेक लोक, निम्मे रामबागेकडचे ओळखीचेच, म्हणून जास्त भीती. डब्यांचा बिट, म्हणजे सेटमधला तो तुकडा, चालला, हेरवाडचं सांगितलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावानं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा टाळ्या पडल्या. मग अहिल्याबाईंचा बिट. म्हटलं, १७५४ साली कुंभेरला त्यांचे पती खंडेराव गेले, १७६७ पासून १७९५ पर्यंत बाईंनी राज्य केलं, आपलं विमानतळ त्यांच्या नावाचं, युनिव्हर्सिटी त्यांच्या नावाची, राजवाड्यासमोर पुतळ्याला आपण हार घालतो, आणि त्याच बाई आज आपल्या दारात आल्या तर काकू म्हणेल, मातोश्री, तुम्ही आत बसा!

एकदम शांतता. मग मागून एक काका उठले, "देवींना यात कशाला ओढता?" माझे हात गार पडले, पण मला उत्तर माहीत होतं कारण ते जोकचं उत्तर नव्हतंच, मी म्हटलं, "काका, मी त्यांना ओढत नाहीये, त्यांना आत बसवायचं नाही एवढंच म्हणतेय." कोणीतरी पुढच्या रांगेत टाळी वाजवली आणि मग सगळ्यांचा ताण सुटला, इतकं हसले लोक. काका उभेच होते, मग बसले. गेले नाहीत ते, शेवटपर्यंत होते.

बाहेर स्कूटरपाशी त्यांनी मला थांबवलं, आई आली आहे का विचारलं. शेवटच्या रांगेत बसली होती ती. त्यांनी तिला नमस्कार केला, बोलले काही नाही, हेल्मेट घातलं आणि गेले.

रिक्षात आई बराच वेळ गप्प. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, मागे पडल्या तेव्हा म्हणाली, "डब्यांचं जरा लांबलं गं, झाकणाशीच थांब, पुढचं लोकांना कळतं." मी फोन काढून तिथल्या तिथे दोन ओळी कापल्या.