मे महिन्यात बामणोली ते कांदाटी खोरं: लाँच स्वस्त, चिखल महाग

आधी निकाल सांगतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाँचनं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात जायचं असेल तर सामान निम्मं करा, नाहीतर दिवाळीनंतर जा. "लाँच थेट गावाखाली लागते," असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. लागते, पण धरण भरलेलं असताना.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीपर्यंत लिहिण्यासारखं काही नाही. पाण्यावरचा प्रवास देखणा आहे, त्याचे फोटो सगळ्यांनी टाकलेत. मग नावाड्यानं इंजिन बंद केलं. "पाणी उतारलंय दादा, हितंच उतरा." गाव समोर टेकाडावर दिसत होतं आणि मधे शिवसागराचा उघडा पडलेला तळ.

हा टप्पा नीट वाचा. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. पाण्यालगतचा पट्टा सगळ्यात वाईट. सँडल तिथंच राहतात, बुटाच्या नाड्या आवळून घ्या, हातात काठी ठेवा. गुरांच्या वाटेनं चला, तिथली माती दबलेली असते. वयस्कर माणसांना इथं आणू नका.

आमची पाठीवर एकेक सॅक होती. आमच्याच लाँचमधून उतरलेल्या मुंबईकर चाकरमान्यांकडं पत्रे होते, सिमेंट होतं, तांदळाचे कट्टे होते. हे सगळं डोक्यावरून वर. एक काकी पोत्यावर बसून म्हणाल्या, "लाँचचं भाडं परवडतंय ओ, हे वर न्यायचं परवडत न्हाय."

कोयनेची क्षमता 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. त्यातलं 67.5 टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला पश्चिमेकडं विजेला, शिवाय पूर्वेकडं सिंचनाला. धरणाचं वर्ष 31 मेला संपतं, म्हणजे तळ उघडा पडतो तो नेमका याच दिवसांत. आणि याच दिवसांत जत्रा, लग्नं, पावसाआधीची घरदुरुस्ती. सगळ्यात जास्त माल येतो तेव्हाच पाणी सगळ्यात लांब.

एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्यानं 2.50 रुपये, रेल्वेनं 1.36 आणि जलमार्गानं 1.06, हा सरकारचा नेहमीचा हिशेब. 2016 च्या कायद्यानं 111 राष्ट्रीय जलमार्गही झाले. पण तो हिशेब बोट तरंगते तिथपर्यंतचा. चिखलातल्या डोक्यावरच्या पोत्याला कुठला दर लावायचा? पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का आणि पार खालपर्यंत दगडी उतार, एवढं तरी हवं. गाळ काढायचा तर तो मे महिन्यात उघडाच पडलेला असतो, पाण्याखाली काम करावं लागत नाही. पूल झाला की सुटेल म्हणतात. पूल एका जागी होतो, गावं अख्ख्या काठानं पसरलीत.

आता भाड्याचं. खासगी बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे, त्यामुळे दोघंतिघं असाल तर घाटावर थांबून जोडीदार शोधा. परतीला आमच्याकडून "थांबण्याचे" वेगळे मागितले आणि घेतले. याला मी लूटच म्हणतो, कारण चिखलामुळं उशीर झाला तो आमच्या हौसेनं नव्हे. निघण्याआधी चारचौघांसमोर विचारा: थांबणं धरून किती, आणि बोट आज कुठं लागणार? "आज" हा शब्द सोडू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही.

वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांनाही हेच. वनखात्याची परवानगी बामणोलीत काढावी लागते, गडावर मुक्काम चालत नाही, त्यामुळे पहिली बोट धरा. पाणी उतरलेलं असेल तर गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पोहोचण्याआधीचं चालणं वेळेत धरा. आणि एक जुनी पायजमा-लुंगी पिशवीत टाका, परतीच्या एसटीत चिखलाच्या पँटनं कुणी शेजारी बसू देत नाही.