बेडफर्ड आरएलचं आर्मी कार्ड: कुठं जायचं आणि कुठं अजिबात जायचं नाही

माझा बेडफर्ड आरएल म्हणजे ब्रिटिश सैन्यातला जुना ट्रक. विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलेलं की तो 1956 ला सुएझच्या लढाईला जाऊन आलाय, आणि भावही त्याच तोऱ्यात लावलेला. आर्मी कार्ड, म्हणजे सैन्यानं त्या गाडीची ठेवलेली नोंद, हातात आलं तर गाडी सैन्यात दाखलच साठच्या दशकात झालेली! त्यात पहिली काही वर्षं ॲशचर्चच्या डेपोत नुसती उभी, मग एका टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या युनिटकडं, मग कास्ट, म्हणजे सेवेतून बाद. विषय संपला. कार्ड दाखवत नसेल तर इतिहासाचे पैसे शून्य, चासीचा गंज बघून भाव करा.

आता खरा डोकेदुखीचा टप्पा, लष्करी नंबर. हल्ली गाडीवर असतो तो सिव्हिल नंबर, तो कार्ड शोधायला काही कामाचा नाही. तुम्हाला हवा 1949 नंतरच्या पद्धतीचा, दोन आकडे, दोन अक्षरं, परत दोन आकडे. कॅबमधल्या प्लेटवर आंधळा विश्वास ठेवू नका, कोऱ्या प्लेटा विकत मिळतात आणि हवं ते ठोकून घेता येतं, माझ्या गाडीतली तसलीच निघाली, स्क्रू बघा किती चकचकीत आहेत ते. मग बसा घासत. बारीक वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि हात हलका, वरचा नाटो ग्रीन गेला की खाली जुना ब्रॉन्झ ग्रीन लागतो आणि त्यात कुठंतरी पांढरे आकडे भुतासारखे वर येतात, पण जरा जोर लागला की तेही गेले, थेट पत्रा. नुसत्या बंपरवर जाऊ नका, वर्कशॉपमध्ये बंपर, दारं, टेलगेट सगळं इकडचं तिकडं व्हायचं. दोन ठिकाणी एकच नंबर निघाला तरच खरा धरा, शिवाय चासी नंबर कार्डाशी जुळला पाहिजे. खांदे गेले माझे यात, पण पहिलं अक्षर दिसलं तेव्हा गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो.

कार्डं रॉयल लॉजिस्टिक कोअर, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या पुरवठा दलाच्या म्युझियमकडं असतात, विंचेस्टरजवळ वर्दी डाउनला. जायची गरजच नाही हो! चौकशी लेखी चालते, फी भरायची, थांबायचं. सगळीच कार्डं टिकलेली नाहीत, तेवढी मनाची तयारी ठेवा. "हिस्ट्री काढून देतो" म्हणणारा एक मध्यस्थ भेटलेला, तो हेच कार्ड मागवून वर कितीतरी पट लावतो. त्याला दारातूनच नमस्कार.

बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम विंचेस्टरच्याच रेल्वे लाइनवर, वूल स्टेशनला उतरायचं, पुढं चालत जाता येतं. छान दिवस गेला, ट्रकबद्दल काही मिळालं नाही.

राहिलं लंडनमधल्या क्यूचं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे सरकारी जुन्या कागदांचं दप्तर. सगळे तिकडं पळवतात. तिथल्या WO 305 या फायलींच्या संचात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युनिटांचे अहवाल आहेत, सराव कुठं झाला, अधिकारी कोण होते वगैरे, पण कुठला ट्रक कुठं गेला हे मला तरी एका ओळीत दिसलं नाही. त्यामुळं आधी कार्ड, त्यावरून युनिट आणि तारखा, आणि मगच क्यू, तेही युनिटची गोष्ट हवी असेल तर. रीडर्स तिकीट, म्हणजे मूळ कागद बघायचा पास, काढायला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या.