आर्णी ते बंगळूर, माय-बाबांचं पहिलं विमान

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, तेव्हा माय-बाबांना बंगळूरला धाकट्या भावाकडे नेलं. आमचं गाव आर्णीपासून थोडं आत. यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी करत नागपूरचं विमानतळ गाठायला साडेतीन तास लागतात. म्हणून पहाटेचं विमान स्वस्त दिसलं तरी आमच्या कामाचं नव्हतं, त्याच्यासाठी रात्रभर जागून निघावं लागलं असतं. दुपारचं घेतलं.

तिकिटं तालुक्याच्या एजंटकडून काढली, तिकिटामागे अडीचशे रुपये जास्त देऊन. मला ते पैसे जड वाटले नाहीत. मोबाइलवर मी स्वतः बसलो तेव्हा न मागितलेला विमा अन् सीटचे पैसे आपोआप बेरजेत येत होते. शिवाय मायचे गुडघे गेलेले, तर व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच लिहून टाका, हे त्यानंच सांगितलं. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. विमानतळावर माणूस दारातून थेट विमानापर्यंत घेऊन गेला.

पण घोळही त्याच्याच दुकानात झाला. बुकिंगमध्ये त्यानं मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता. विमान चार वाजताचं एक वाजून दहावर आलं, त्याचा मेसेज त्याच्या फोनवर गेला आणि साहेब लग्नात! आदल्या रात्री वेब चेक-इन, म्हणजे मोबाइलवरच बोर्डिंग पास काढायला बसलो म्हणून मला कळलं. नाहीतर आम्ही बुटीबोरीत चहा घेत असताना विमान उडालं असतं. काउंटर एक तास आधी बंद होतं, तिथं कोणाची ओळख चालत नाही.

तेव्हा एजंटच्या दुकानातून उठायच्या आधी स्वतःचा नंबर टाकून घ्या अन् पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, मागून घ्या. वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांचं 48 तास आधी उघडतं, ते घरीच करा. नाव फोनवर सांगू नका, आधारचा फोटो पाठवा. आमच्याकडे बायकांचं गावात एक नाव अन् आधारवर दुसरं असतं, मायचंही तसंच. दारावरचा सीआयएसएफचा जवान तिकीट अन् ओळखपत्र जुळवूनच आत सोडतो. तिकीट रद्द केलं तर कंपनी किती कापेल अन् एजंट किती, हेही आधीच विचारून ठेवा. एजंट मागाहून ‘कंपनीनं पैसे दिले नाहीत’ म्हणाला तर ऐकून गप बसू नका. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावाही विमान कंपनीचीच जबाबदारी आहे, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे.

सामानाचं सांगतो. देशातल्या विमानात साधारण माणशी मोठी बॅग 15 किलो अन् हातातली 7. मायनं तुरीची डाळ, सांडगे, कुरड्या, लोणच्याची बरणी असं भरलं. कापूस मोजायच्या काट्याला बॅग टांगली तर साडेसतरा भरली! अडीच किलो डाळ काढून बाबांच्या बॅगेत टाकली. जास्तीच्या किलोला तिथं डाळीच्या कितीतरी पट पैसे जातात. लोणचं मोठ्याच बॅगेत, झाकणाला टेप मारून. वाळलेलं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही घालू नका, तेलामुळे पेट घेतं म्हणून बंदी आहे. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्याच बॅगेत ठेवायची.

एवढं सगळं करून बाबांच्या बंडीचा खिसा राहिला. तपासणीत ट्रे पुढे गेला अन् जवानानं अडकित्ता वर धरला, आमच्या आजोबांच्या वेळचा, पितळी मुठीचा.

“काऊन, सुपारी फोडाले का बम लागते का?” बाबा म्हणाले.

जवान हसला, पण अडकित्ता काही दिला नाही. बाहेर कोणी असेल तर नेऊन द्या म्हणाला. आमची गाडी तर केव्हाच परत लागली होती. म्हाताऱ्या माणसाचे खिसे घरीच तपासा, लायटर-माचीसही चालत नाही.

विमान पावणेदोन तासांचं. उतरताना मायचे कान दुखले, बडीशेप चघळायला दिली तर जरा बरं वाटलं. बंगळूरचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटर. टॅक्सीपेक्षा तिथली वायू वज्र बस बरी पडली. एसी आहे अन् सामान ठेवायला जागाही.

पंधरा दिवस बाबा सुनेच्या खलबत्त्यात सुपारी कुटत होते.